डी ड्राइव्ह मला दिसू नये म्हणून

आमच्या ऑफिसातून डी ड्राइव्ह नाहीसा झाला, त्या सकाळी मी पापलेटचा दर बदलायला बसले होते. दर्या खवळलेला होता, पाचूबंदरला होड्या कमी लागल्या होत्या, आणि माल कमी आला की मी सगळ्यात आधी दरांची फाइल उघडते. कॉम्प्युटर सुरू केला, रोज जिथे सी आणि डी दिसतात तिथे गेले, तर दोन्ही नाहीत. नुसती पांढरी जागा. आपल्याच घरात शिरावं आणि स्वयंपाकघराचं दार भिंतीत बुजवलेलं दिसावं, तसं झालं.

ऑफिसात हिशेब आणि चलनं बघणारी एक मुलगी आहे, सांडोरची. वडील केळीची वाडी करतात, मुलगी बी.कॉम. झालेली, कामाला चोख. तिला हाक मारली.

"माझ्याकडे पण नाही मॅडम," ती म्हणाली. "कालपासून कोणाकडेच नाही."

"कोणी नेला?"

"नेला नाही. लपवलाय. छोट्या सरांनी."

छोटे सर म्हणजे माझा भाचा, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. मोठे सर म्हणजे भाऊ. मी मॅडम. ही नावंसुद्धा भाचा आल्यावर पडली. त्याआधी टेम्पोवाल्यापासून बर्फवाल्यापर्यंत सगळे मला ताई म्हणायचे.

मी आणि भाऊ, आम्ही दोघं मिळून हॉटेलांना आणि लग्नाच्या केटररना मासळी पुरवायचो. "दोघं मिळून" म्हणायची मला सवय लागली होती, पण धंदा मी उभा केला. आई बाजारात पाटी लावून बसायची. मी बारावी झाले आणि तिच्या पाटीतला निवडक माल वेगळा काढून हॉटेलांच्या मागच्या दाराशी जायला लागले. आचाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि तेवढ्याच परत दिल्या. सुरमईच्या तुकड्यावरून एका मालकाशी इतकी भांडले की त्याने दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या कोणाकडून माल घेणंच बंद केलं. भाऊ तेव्हा वाळीवला कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, तो घरी बसला, आणि मी त्याला निम्मा भागीदार करून घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही. उमेळ्याच्या बाजूला वाडी तोडून नवी इमारत झाली, तिच्यात ऑफिस घेतलं. कामणच्या रस्त्यावर गोदाम घेतलं आणि तिथे शीतखोली बांधली. भाऊ बिलं आणि गोदाम बघायचा, मी माल आणि गिऱ्हाईक.

आणि डी ड्राइव्ह म्हणजे आमची सगळी आठवण. ठरवून केलं नव्हतं. पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा बसवणारा म्हणाला होता, महत्त्वाचं असेल ते डीमध्ये ठेवा, आणि आम्ही सगळंच महत्त्वाचं समजून तिथे ठेवत गेलो. मागून आलेले कॉम्प्युटरही त्याच डीला जोडले. "डीत टाक" ही आमच्या ऑफिसातली बोलण्याची पद्धत होती. कोणत्या आचाऱ्याला पापलेट केवढं लागतं, कोण कोळंबी सोललेली मागतो, कोण रविवारी माल परत पाठवतो, आणि मुख्य म्हणजे कोणाला काय दर.

दरांचं सांगायला हवं. एकाच दिवशी, एकाच होडीतला हलवा मी चार हॉटेलांना चार दराने देते. यात मला लाज नाही. एक जण माल बघून घेतो आणि तक्रार करत नाही, दुसरा खोकं उघडायच्या आधी नाक मुरडतो. त्या मुरडलेल्या नाकाची किंमत मी लावते. म्हणजे लपवालपवी मलाही येते, त्यावर तर माझा धंदा चालतो. पण मी गिऱ्हाइकापासून लपवते. घरातल्या माणसापासून लपवायची वेळ माझ्यावर आली नाही.

भाचा पुण्याहून दोन वर्षांचा कोर्स करून आला होता. आल्या आल्या त्याने ऑफिसात वास मारणारं यंत्र लावलं. दर थोड्या वेळाने ते फुस्स करून लिंबाचा वास सोडतं. मासळीच्या धंद्याचं ऑफिस, कपड्यांना, कागदांना, खुर्च्यांना मासळीचा वास, आणि वरून हा लिंबू. माशाच्या वासाने मला आयुष्यात कधी मळमळलं नाही. या मिश्रणाने मळमळायचं.

मी त्याच्या केबिनमध्ये गेले.

"डी कुठाय?"

"आत्या, बस ना. डेटा सिक्युरिटीचा प्रश्न आहे. उद्या कोणी पेन ड्राइव्ह लावून सगळं घेऊन गेलं तर?"

"कोण नेणार? टेम्पोवाला? त्याला स्वतःचा फोन चार्ज करता येत नाही."

"कोणीही नेऊ शकतं. म्हणून सगळ्या युजरसाठी ड्राइव्ह बंद केलेत. मोठ्या कंपन्यांत असंच असतं. सगळ्यांना एकच नियम."

"मग मी दर कुठे बदलू? तुझ्या कपाळावर?"

तो हसला. चिडत नाही तो, हीच मोठी अडचण आहे. "तुझ्या डेस्कटॉपवर एक फोल्डर ठेवलाय. त्यात दरांची फाइल आहे. तू तिथे बदल, मी मेनमध्ये घेत जाईन."

फोल्डरचं नाव होतं "आत्या".

सगळ्यांना एकच नियम म्हटल्यावर मी गप्प बसले. नियम सगळ्यांना सारखा असेल तर मला चालतो. लिलावाला सगळे सारखे उभे राहतात, होडीवाल्या नाखव्याचा चुलत भाऊ असला तरी त्याला पुढे उभं करत नाहीत. मी मनात म्हटलं, पोरगा शिकून आलाय, करू दे.

पुढे जे व्हायचं ते झालं. आमचा माल पहाटे निघतो. आधी ती मुलगी आल्या आल्या डी उघडायची, त्या दिवसाचा कागद छापायची आणि टेम्पोवाल्याच्या हातात द्यायची. आता तिने डीकडे जायचा प्रयत्न केला की पडद्यावर पाटी यायची: या कॉम्प्युटरवरच्या निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द केली आहे, व्यवस्थापकाशी संपर्क साधा. व्यवस्थापक घरी झोपलेला. तो उठला की घरूनच दरांची फाइल व्हॉट्सॲपवर टाकायचा. ती मुलगी तिथून पुढे पाठवायची, गोदामवाला आणखी पुढे पाठवायचा. जी फाइल आधी एका खोलीतल्या एका कॉम्प्युटरमध्ये होती, ती आता वसई ते विरार सगळ्यांच्या खिशात फिरत होती. सत्यनारायणाच्या आमंत्रणाच्या वर आणि कोणाच्या तरी पोराच्या बारशाच्या फोटोखाली आमचे दर.

मी भावाला म्हटलं, "हे काय चाललंय?"

"नवी पद्धत आहे ताई. बसेल हळूहळू."

छोट्या हॉटेलांचे दर रोज बदलतात, पण मोठ्यांचे वर्षातून एकदा ठरतात. तो दिवस आला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईतलं एक हॉटेल. तिथला खरेदी बघणारा माणूस मला बरीच वर्षं ओळखतो. दरवर्षी मी जाते, तो चहा मागवतो आणि रडायला लागतो. धंदा नाही, मालक ऐकत नाही, तुमच्या कोळंबीत बर्फच जास्त. मी ऐकते, मग मी रडते, होड्या नाहीत, डिझेल महाग. असं दोघांचं रडून झालं की आम्ही खऱ्या आकड्यावर येतो. त्या वर्षी तो रडला नाही. जे गिऱ्हाईक तक्रार करत नाही, त्याच्या हातात काहीतरी असतं.

"मॅडम, यावेळी झिकझिक नको," तो म्हणाला. "तुम्ही बोला, मी ऐकतो."

मी सुरमईचा दर सांगितला. त्याने फोन काढला, टेबलावर ठेवला आणि बोटाने माझ्याकडे सरकवला. पडद्यावर आमची दरांची फाइल. सगळ्या हॉटेलांचे रकाने शेजारी शेजारी. भाच्याने त्यांना रंग दिले होते, याचं हॉटेल पिवळ्यात होतं.

"समोरच्या गल्लीतल्याला कितीला देता, वाचून दाखवू?"

"हे कुठून आलं?"

"तुमच्या ऑफिसातूनच. 'गुड मॉर्निंग सर' लिहून आलंय. मी पण गुड मॉर्निंग लिहिलं. मॅनर्स पाहिजेत ना."

"तो समोरचा माल परत पाठवत नाही. तुम्ही दर रविवारी पाठवता, माशाचे डोळे लाल आहेत म्हणून."

"डोळे कोणाचे पण लाल असू द्या मॅडम. दर मला त्याचाच पाहिजे. आणि सच्ची सांगतो, इतकी वर्षं तुम्ही माझ्यासमोर रडायच्या ना, ते मला सगळं खरं वाटायचं."

त्याने हे हसत म्हटलं, पण ते त्याला लागलं होतं हे मला कळलं. मी पुन्हा फोनकडे पाहिलं. आणखी एक गोष्ट दिसली. छोट्या हॉटेलांचे काही आकडे माझे नव्हते. मी ते वाढवले होते, इथे ते खालीच होते. मला वाटलं, जुनी फाइल असेल. पण वर तारीख त्याच आठवड्याची होती.

मी त्याच्या दराला हो म्हटलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या आकड्याला हो म्हटलं आणि उठले. चहा आला होता, घेतला नाही.

ऑफिसात पोचेपर्यंत बातमी पोचली होती. ती मुलगी भाच्याच्या केबिनमध्ये उभी होती, ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत. भाऊ खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होता.

"ह्युमन एरर आहे आत्या," भाचा म्हणाला. "हिला काढावं लागेल. दुसरा उपाय नाही."

"कसं झालं ते तू सांग," मी मुलीला म्हटलं.

"मॅडम, गोदामाच्या ग्रुपवर पाठवायचं होतं. त्याच्या खाली त्या हॉटेलच्या सरांचं नाव होतं, त्यांनी आदल्या दिवशी मेसेज केला होता म्हणून वर आलेलं. अंधार होता, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. चुकून बोट तिकडे लागलं. आधी मी फोनवरून पाठवत नव्हते मॅडम. आधी कागद छापायचे."

"ही जाणार नाही," मी म्हटलं.

"आत्या, तू प्लीज इमोशनल होऊ नकोस."

"मी इमोशनल झाले की तुला विचारावं लागणार नाही. खिडकी कुठे आहे तेवढी बघून ठेव."

भाऊ तोंडातल्या तोंडात हसला. मग मुलाने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने हसू गिळलं. तेव्हा मी ते पाहिलं पण त्याचा अर्थ लावला नाही. मी म्हटलं, आजच्या आज सगळे ड्राइव्ह परत आण. भाऊ म्हणाला, कॉम्प्युटरवाला येणारच आहे, त्याच्याशी बोलू.

तो आला, पण त्या दिवशी शीतखोलीचं यंत्र बंद पडलं म्हणून बापलेक कामणला गेले होते. विरारचा माणूस, गबाळा पण कामाचा. वर्षाचा करार नवा करायला आला होता. दर कमी करायचं काम असलं की ऑफिसात सगळे माझ्याकडे बोट दाखवतात, म्हणून तो नेहमीप्रमाणे माझ्यासमोर येऊन बसला आणि वाढीव रक्कम सांगितली.

"वाढ कसली? माझा ड्राइव्ह गायब केलास त्याची?"

"मॅडम, तुमचा कुठे गायब केला? तुमचा फक्त लपवलाय."

"फक्त म्हणजे?"

त्याने माझा कीबोर्ड ओढला. वरच्या पट्टीत डी हे अक्षर आणि दोन टिंबं टाकली आणि एंटर दाबलं. सगळं उघडलं. माझे सगळे फोल्डर, जसेच्या तसे. मी रोज त्याच पट्टीसमोर बसत होते.

"म्हणजे नाव टाकलं की कोणालाही उघडतं?"

"नाही नाही. स्टाफच्या मशीनवर बंद पण केलंय. दोन सेटिंग वेगळ्या असतात मॅडम. एकाने ड्राइव्ह दिसत नाही, दुसऱ्याने उघडत नाही. स्टाफला दोन्ही लावल्यात."

"आणि सरांच्या मशीनवर?"

"त्यांच्या दोघांच्या मशीनवर काहीच नाही. त्यांना सगळं दिसतं."

"मग मला एकच का लावली? मी मालकीण म्हणून?"

तो दाराकडे बघायला लागला. समोरचा माणूस दाराकडे बघायला लागला की त्याच्याकडे द्यायला काहीतरी आहे, हे मला शिकवावं लागत नाही.

"तुझी वाढ मान्य," मी म्हटलं. "बोल."

"माझं नाव घेऊ नका मॅडम. मी दोन्ही लावत होतो, छोट्या सरांनी तसंच सांगितलेलं. मोठे सर म्हणाले, ताईच्या मशीनला बंद करू नको. बंद केलं की पाटी येते, परवानगी नाही म्हणून. ती वाचली की ताई ऑफिस डोक्यावर घेईल. नुसतं लपव. दिसलं नाही तर ती शोधणार नाही."

मी त्याला सही करून दिली आणि जायला सांगितलं.

मग फाइल उघडली. माझ्या "आत्या" फोल्डरमधले बदल खऱ्या फाइलमध्ये कुठेही नव्हते. काही आठवडे मी रोज सकाळी आकडे बदलत होते, आणि ते आकडे कोणीही वाचत नव्हतं. बिलं भाऊ बघायचा, त्यामुळे मला कळायचं कारण नव्हतं. रडणाऱ्या पोराच्या हातात बंद पडलेला मोबाइल देतात, तसा तो फोल्डर मला दिला होता. आणि मी शहाण्या पोरासारखी बटणं दाबत बसले होते.

मला किळस कशाची आली ते नीट सांगते, कारण नंतर नात्यातल्या लोकांनी मला समजावलं की एवढं काय त्यात, कॉम्प्युटरच तर आहे. मला लोकांनी काट्यात फसवलंय, मालात फसवलंय. बर्फाखाली शिळा माल घालून वर ताजी पापलेटं मांडलेली टोपली माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न अनेकांनी केलाय. पण त्या प्रत्येकाला भीती असायची की ही बाई बर्फात हात घालेल. म्हणून तो बर्फ जास्त घालतो, बोलतो जास्त, घाई करतो. त्या भीतीत माझा मान आहे. भावाला ती भीतीच नव्हती. त्या मुलीच्या मशीनला त्यांनी कुलूप लावलं, कारण ती दार शोधेल असं त्यांना वाटलं. मला कुलूप लावायची गरजही वाटली नाही. आणि सगळ्यात घाण गोष्ट ही की त्याचा अंदाज बरोबर निघाला. मी शोधलं नाही. "सगळ्यांना एकच नियम" या तीन शब्दांवर मी बसून राहिले, कारण ते घरातल्या माणसाने सांगितले होते.

मी रिक्षा केली आणि कामणला गेले. यंत्र दुरुस्त होत होतं, खोकी बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवली होती, बर्फाचं पाणी पायाखालून वाहत होतं. भाचा फोनवर कोणाशी तरी इंग्रजीत बोलत लांब उभा होता. भाऊ खोक्यावर बसला होता.

"माझ्या मशीनवर नुसतं लपवायला कोणी सांगितलं?"

कशाबद्दल बोलतेस, असं त्याने विचारलं नाही. निदान तेवढं तरी केलं.

"पोरगा म्हणत होता, दर सारखे बदलू नयेत. तू रोज बदलतेस. छोटे हॉटेलवाले वैतागतात, दुसरीकडे जातात."

"मग मला सांगायचं."

"तुला सांगून कधी काही झालंय का ताई? तू ओरडतेस."

"ओरडते. पुढे?"

"पुढे काय. लोक बाजूने वाट काढतात."

हे त्याने रागाने म्हटलं नाही. मी ओरडते हे खरंच आहे. मी ओरडले म्हणून हा धंदा झाला. पण माझ्या ओरडण्यातून वाट काढायची तर समोर उभं राहून भांडावं लागतं. ते आचारी भांडले, मालक भांडले, टेम्पोवालाही भांडतो आणि दुसऱ्या दिवशी चहा पाजतो. माझ्या भावाने विरारहून माणूस बोलावला.

"तुझ्यापुरतं उघडून देतो," तो म्हणाला. "आजच. फक्त तुला."

"ते मी बोट लावून उघडलंय. मला एवढं सांग, दर कोण ठरवणार?"

त्याने ताडपत्री ओढून खोक्यांवर नीट केली.

"दर पोरगा ठरवेल. तू मोठी हॉटेलं सांभाळ. बोलायला तू चांगली आहेस."

"बोलायला."

"वाईट अर्थाने नाही म्हटलं ताई."

"वाटणी कर," मी म्हटलं.

त्याला वाटलं, रात्रीत माझा राग उतरेल. रागाचं एक बरं असतं, तो उतरतो. किळस उतरत नाही. सकाळी मी परत तेच म्हटलं.

बसलो आईकडे, पाचूबंदरच्या घरी, कारण दुसऱ्या कोणाला मध्ये घ्यायचं नव्हतं. आई आतल्या खोलीतून बाहेर आली. आम्हाला तिघांना एकदम दारात बघूनच तिला कळलं. "काय भांडन करायचं ते करा," ती म्हणाली, "पन आवाज भायेर नको. पानी घ्या." आणि आत जाऊन बसली ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही.

मोठी हॉटेलं माझी, छोटी हॉटेलं आणि केटरर त्यांचे, हे लवकर झालं. ते जवळजवळ झालेलंच होतं. मग भाऊ म्हणाला, "शीतखोली मी ठेवतो."

इतकी वर्षं माझ्या शेजारी उभं राहून तो एवढंसुद्धा शिकला नव्हता. जे हवं ते आधी बोलायचं नसतं. मला ती शीतखोली नको होती. दर पावसाळ्यात तिचं यंत्र बंद पडतं, आणि मोठ्या हॉटेलांना माल त्याच दिवशीचा लागतो. पण मी कपाळाला हात लावला. म्हटलं, शीतखोली देऊन मी काय रस्त्यावर बसू? आईची पाटी परत घेऊ? भाऊ अस्वस्थ झाला. मी उठायला लागले. त्याने मला बसवलं. असं थोडा वेळ चाललं. शेवटी शीतखोलीच्या बदल्यात मी उमेळ्याचं ऑफिस घेतलं, मोठा टेम्पो घेतला, आणि सांडोरची मुलगी यायला तयार असेल तर तीही माझ्याकडे येईल असं बोलून घेतलं.

"आणि धंद्याचं नाव माझ्याकडे राहील," मी म्हटलं.

"आत्या, नाव म्हणजे ब्रँड आहे," भाचा म्हणाला. "त्याचं वेगळं व्हॅल्यूएशन करावं लागतं."

"तू ऑफिसला लिंबाचा वास लावलास. मोठ्या हॉटेलांना माहीत असलेलं नाव मासळीचं आहे. तुला काय करायचंय?"

"घे," भाऊ म्हणाला. मुलाकडे न बघता म्हणाला. मला वाटतं, तेवढ्यापुरती त्याला लाज वाटली.

मग भाच्याने लॅपटॉप उघडला. म्हणाला, डी ड्राइव्हची कॉपी देऊ, पण काय द्यायचं ते आम्ही निवडू, कारण त्यात आमच्या गिऱ्हाइकांचाही डेटा आहे. दरांची फाइल देता येणार नाही.

"ठेव," मी म्हटलं. "दर आता सगळ्या हॉटेलांकडे आहेत. लागले तर त्यांच्याकडून मागून घेईन."

तो चिडला. पहिल्यांदा. गालावर लाल रंग चढला, लॅपटॉप जोरात मिटला. मला बरं वाटलं, असं मी लिहिणार नाही, पण वाईट वाटलं नाही.

सौदा झाला की आमच्याकडे हातावर हात देतात. भावाने हात पुढे केला. वर म्हणाला, "मनात ठेवू नकोस ताई. तुला त्रास नको म्हणूनच तसं केलं होतं."

तोपर्यंत मी कदाचित हात दिला असता. इतकी वर्षं तो माझ्याबरोबर पहाटे उठलाय, बर्फ वाहिलाय, माझ्या तापात माझी गिऱ्हाइकं त्याने सांभाळली आहेत. पण "त्रास नको म्हणून" हे ऐकलं आणि पुन्हा तीच मळमळ वर आली. मला कापलं तर कापलं म्हणावं, वर माझी काळजी घेतली असं सांगू नये.

मी पर्स उचलली, आत जाऊन आईला नमस्कार केला आणि निघाले.

त्या मोठ्या हॉटेलाला वर्षभर त्यांच्याच दराने माल गेला. दर रविवारी डोळे लाल म्हणून थोडा परतही आला. मी काही बोलले नाही, माझी सही होती. भावाचा फोन सणाला येतो. मी उचलते, आईची तब्येत सांगते आणि ठेवते. एकदा त्याने विचारलं, अजून राग आहे का. मी म्हटलं, राग कधीच गेला. तो बिचारा खूश झाला.